राळ की रोझेशिया

उत्तरायणाच्या दिवसांत बडोद्यात लाल चेहऱ्याची कुणी चौकशी करत नाही. सकाळपासून माना वर करून गच्चीवर उभी राहिलेली माणसे दुपारपर्यंत तांबूस होतात, संध्याकाळी मांज्याने चिरलेल्या बोटांना पट्ट्या बांधतात आणि दुसऱ्या दिवसाचे वासी उत्तरायण उरकले की मुकाट आपापल्या मूळ रंगावर येतात. दांडिया बाजारातल्या योगिनी पागे मात्र यंदा त्या रंगातून परत आल्या नाहीत. दोन्ही गाल, नाकाचा शेंडा आणि हनुवटीचा मध्य तसाच पेटलेला राहिला. त्यावर बारीक पुटकुळ्या उमटल्या, आणि तोंडावर पाणी मारले तरी चटका बसू लागला.

खरे म्हणजे ही लाली काही गच्चीवर जन्मली नव्हती. दोनेक वर्षे ती येत-जात होती. अलकापुरीतल्या विमा कार्यालयात साहेबांसमोर बोलायला उभे राहिले, चहाचा पहिला घोट घेतला, उन्हातून स्कूटर हाकली, की कानशिलांपासून नाकापर्यंत ऊब धावत यायची आणि थोड्या वेळाने ओसरायची. आता ती मुक्कामाला आली होती.

सासूबाई वसुंधराताईंचे निदान तत्क्षणी झाले. "पित्त आहे, दुसरं काही नाही. उंधियो दोन-दोन वेळा कुणी सांगितला होता?" त्यांनी आमसुलाचे सार केले, मिरचीची फोडणी घालून, आणि कढत कढत समोर ठेवले. ते पोटात गेल्यावर योगिनीचे गाल डाळिंबासारखे फुलले. वसुंधराताई समाधानाने म्हणाल्या, "बघ, कसं बाहेर पडतंय पित्त! उद्या पुन्हा करते."

कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी दुसरे निदान केले. "योगिनीबेन, आपल्याकडे तर दारूबंदी आहे. मग हा रंग दमणहून आणला का?" त्या हसत, पण घरी येताना स्कूटरच्या आरशात नाक पाहत.

त्या चेहऱ्यामागे काय उभे होते ते सांगायला हवे, नाहीतर पुढची घालमेल अनाठायी वाटेल.

योगिनीचे वडील रघुनाथराव सांगलीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले. लेकीला त्यांनी लहानपणीच व्यायामशाळेत घातले, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे ती दोरीच्या मल्लखांबावर चढली. मुलींनी दोरी, मुलांनी लाकडी खांब, ही वाटणी तिथे कुणी लिहून ठेवलेली नव्हती; म्हणूनच ती मोडणे अवघड होते. दोरीवर उलटी लटकलेली योगिनी पलीकडच्या खांबाकडे पाहत राही. एरंडेल पिऊन काळाभोर झालेला शिसवी खांब, त्याच्या टोकाच्या बोंडावर एका पायाने तोललेला मुलगा, आणि खाली ताटलीत ती सोनेरी भुकटी, राळ. मुले ती हातांना, मांड्यांना, काखेला चोळत आणि खांबाला बिलगत. तेलाने घसरायचे आणि राळेने धरून ठेवायचे, या दोहोंच्या भांडणात सगळी कला होती. लग्नानंतर, मुलगी आभा शाळेत जायला लागल्यावर, योगिनी एका पहाटे व्यायामशाळेचे प्रमुख विश्वासराव यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मला खांब शिकायचाय. आणि मग मुलींना शिकवायचाय."

"या वयात?" विश्वासरावांनी विचारले.

"लहानपणी शिकवला असतात तर वय आड आलं नसतं."

उत्तर उद्धट होते. पण विश्वासरावांना उद्धटपणा आवडत असे, अट एवढीच की त्यामागे मनगट हवे. मनगट होते. खांब अंगात मुरल्यापासून आजतागायत व्यायामशाळेत मुलींचा खांबाचा वर्ग योगिनीताई घेत. संध्याकाळी कार्यालयातून त्या थेट तिथे जात, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधत, ताटलीत बोटे बुडवत. घरी परतल्यावर त्यांच्या केसांना, रुमालाला, स्कूटरच्या हँडललासुद्धा राळेचा चिडाच्या झाडासारखा वास येई. त्यांचा नवरा अनिश रिफायनरीत पाळीवर असे, तो म्हणे, "घरात दोन वास. एक माझा नि एक तुझा. आभाने कुठला घ्यावा?"

आणि यंदा, पहिल्यांदाच, त्यांच्या वर्गातल्या मुली राज्याच्या निवड चाचणीला जाणार होत्या. चाचणी नडियादला होती, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. संघाची मदार सानवीवर होती. सडपातळ, हट्टी, बोंडावर उभी राहिली की श्वास घ्यायला विसरणारी. व्यायामशाळेची सगळी हवा त्या दिवसांत बदलली होती. मुली वेळेआधी येत, विश्वासराव खुर्ची पुढे ओढून बसत, आणि योगिनीताईंचा आवाज रस्त्यावरच्या फाफडावाल्यापर्यंत पोचे.

अशा ऐन भरात आभाने फोन पुढे धरला. "आई, हे बघ. रोझेशिया. गाल, नाक, हनुवटी. ऊन, गरम पेय, तिखट, चिडणं. सगळं तूच आहेस यात."

योगिनीताईंनी चित्रे पाहिली. सगळे चेहरे दुधासारखे गोरे, त्यांवर टोमॅटोसारखा लाल पट्टा. "आपल्यासारख्या गव्हाळ माणसाचा एकही नाही. माझं तर तांब्याच्या भांड्यासारखं दिसतंय."

"गव्हाळ कातडीवर कमी दिसतं, म्हणून उशिरा कळतं, असंच लिहिलंय खाली."

आभाने मग, दाखवावे की न दाखवावे अशा बेतात, आणखी एक पान उघडले. चेहरा लाल होण्याची इतर कारणे. त्यात एका ओळीत होते: व्हायोलिन वाजवणाऱ्यांना गजाला लावायच्या राळेची ॲलर्जी होऊ शकते; भुकटी हवेत उडून चेहऱ्यावर बसते. योगिनीताईंनी ती ओळ वाचली, फोन उलटा करून ठेवला आणि ओट्यापाशी जाऊन उगाचच कणीक तिंबली.

राळेची ॲलर्जी असेल, तर राळ सोडायची. राळ सोडायची म्हणजे खांब सोडायचा. रोझेशिया असेल, तर मलम लावायचे. मग माणसाने कोणता आजार मागून घ्यावा?

डॉ. कांचनबेन अमीन यांचे क्लिनिक अलकापुरीतच होते. बाई गुजराती, पण मराठी शेजारात वाढल्यामुळे दोन्ही भाषा एकाच श्वासात बोलणाऱ्या. त्यांनी भिंगाने गाल पाहिले, पापण्या पाहिल्या, डोळे चुरचुरतात का विचारले. मेडिकलवाल्याने दिलेली एखादी स्टिरॉइडची ट्यूब लावत होता का, हे त्यांनी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारले. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "सारूं. अर्धे पेशंट तिथेच बिघडून येतात. बरं, आणखी काही चेहऱ्याला लागतं? पावडर, तेल, रंग, कामावरचं काही?"

योगिनीताईंच्या जिभेवर शब्द आला. त्यांनी तो गिळला.

"नाही. साधं पाणी."

शब्दशः पाहिले तर ते खरे होते. राळ त्या हाताला लावत, चेहऱ्याला नाही. मल्लखांबाच्या माणसाला ती अंगावर लावण्याची वस्तू वाटतच नाही. पाण्यात पोहणारा जसे पाणी लावले असे म्हणत नाही, तसे. पण हा युक्तिवाद आपण बाहेर पडताना जिन्यावर रचला, आधी नाही, हे योगिनीताईंना ठाऊक होते.

डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी लिहिली. गाल लाल करणारे ल्यूपससारखे दुसरे काही नाही ना, एवढे पाहण्यापुरती. ती निर्मळ आली. मग जेल, उन्हाचे मलम आणि सूचना मिळाल्या. "बहुधा रोझेशिया. पण 'बहुधा' म्हणतेय, हं. काही आठवड्यांत फरक दिसायला हवा. नाही दिसला तर पुन्हा विचार करू."

योगिनीताईंना 'बहुधा' पुरेसे होते. त्या पायऱ्या दोन-दोन उतरल्या. व्यायामशाळेत शिरताच त्यांनी घोषणा केली, "रोझेशिया आहे!"

"म्हणजे काय?" विश्वासरावांनी विचारले.

"म्हणजे काही नाही, सर. लाल दिसतं."

"दिसतंच आहे," विश्वासराव म्हणाले. "त्यासाठी डॉक्टरला पैसे दिलेस?"

त्यानंतरचे दिवस उत्साहात गेले. सानवीचा सुईदोरा, अंगाची घडी घालून आपल्याच हातांच्या कडीतून निघायचे ते अवघड काम, बसू लागला. जेलने मात्र काहीच बसले नाही. उलट संध्याकाळी गाल अधिकच भाजत. सरावाच्या वेळीच का, हे विचारायचे त्या टाळत होत्या. दमल्यावर रक्त चढतेच, असे स्वतःला सांगत होत्या.

मग एका संध्याकाळी सानवी खांबावरून उतरली, हातांची राळ झटकली आणि मनगटाने घाम पुसला. दिव्याच्या उजेडात भुकटीचा सोनेरी ढग तिच्या तोंडाभोवती क्षणभर तरंगला आणि बसला. तिचे दोन्ही गाल लाल होते. अगदी तिथेच. नाकाच्या दोन्ही बाजूंना.

"सानवी, चेहऱ्याची आग होते का गं?"

"होते ना ताई. पण सगळ्यांचीच होते. तुमचीपण होते."

योगिनीताईंची नजर ताटलीकडे गेली. आपण डॉक्टरांपासून लपवले ते आपल्यापुरते, असे त्यांनी मानले होते. पण ही ताटली त्यांनी स्वतः या मुलींपुढे ठेवली होती. ज्या मुलींना रिवाजाने खांबापासून दूर ठेवले होते, त्यांच्या हातांत राळ त्यांनी दिली होती. राळ गुन्हेगार असेल तर तो गुन्हा एकट्या योगिनी पागेच्या गालावर थांबणारा नव्हता. आणि नसेल, तर हे न विचारता आणखी किती दिवस मुलींच्या गालांकडे चोरासारखे पाहत राहायचे?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्या क्लिनिकमध्ये गेल्या आणि पर्समधून काढलेली कागदाची पुडी टेबलावर ठेवली.

"हे काय? प्रसाद?" डॉक्टरांनी विचारले.

"राळ. मल्लखांबासाठी हातांना लावतो. रोज. माझ्या वर्गातल्या एका मुलीचेही गाल लाल होतात. मागच्या वेळी राळेचं सांगितलं नाही मी."

"विसरलात?"

"नाही."

डॉ. कांचनबेननी चष्मा वर केला, पुडी उघडून वास घेतला आणि रागावण्याऐवजी एकदम ताठ बसल्या. "अरे वाह! कोलोफनी! चिडाच्या झाडाचा डिंक. बेन, हे तर आमच्या पॅच टेस्टच्या संचातच असतं. ही तुमची पुडीपण पातळ करून लावते. पण का नाही सांगितलं?"

"कारण ही निघाली तर मला खांब सोडावा लागेल."

"आणि रोझेशिया निघाला तर?"

"तर पेढे आणीन."

डॉक्टर हसल्या. "या खुर्चीत बसून रोझेशिया मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

एकेकीत एकेक संशयित पदार्थ घातलेल्या छोट्या वाट्यांच्या रांगा पाठीवर चिकटवल्या गेल्या. पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, खाजवायचे नाही. थंडीचे दिवस होते, एवढे बरे.

घरी यावरून जे रण माजले त्याचे कारण वेगळेच. संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीच्या आत उरकायचे म्हणून वसुंधराताईंनी नेमक्या त्याच दिवशी बायका बोलावल्या होत्या.

"अंघोळ नाही म्हणजे? बायका वाण घ्यायला येणार नि तू अशी बसणार?"

"आई, पाठ सोडून सगळं धुतलंय मी."

"पाठ सोडून! देवाला सांगते, आज पुढून ये म्हणून."

आभा इतकी हसली की तिच्या हातातला तिळगूळ सांडला. शेवटी वसुंधराताईंनीच तोड काढली: सुनेने चांदीच्या ताटलीपासून हातभर दूर बसायचे आणि फक्त अत्तर लावायचे. आलेल्या प्रत्येक बाईला त्यांनी स्वतःहून खुलासा केला की सुनेच्या पाठीवर परीक्षा चालू आहे. बायका गंभीरपणे माना डोलावत होत्या. एकीने "पास होईल हो" असा आशीर्वादही दिला.

व्यायामशाळेत योगिनीताई खुर्चीत, पंख्याखाली, ताटलीपासून दूर. उठून दाखवता येत नव्हते. म्हणून सगळे बोलून सांगावे लागे. इतकी वर्षे जे त्यांच्या मांड्यांना आणि खांद्यांना ठाऊक होते त्यासाठी शब्द शोधताना त्यांची तारांबळ उडाली. "सानवी, डावा गुडघा... नाही, तसा नाही... खांबाला विचार, तुला कुठे घेतोय ते." विश्वासराव खुर्ची शेजारी ओढून म्हणाले, "मी तीस वर्षं असंच ओरडतोय. आता कळलं?"

मग पाठ खाजू लागली.

डाव्या खांद्याखाली, एकाच ठिकाणी, धगधगून. योगिनीताईंच्या अंगावर काटा आला. कुठली वाटी असेल ती? आभाने मागून झगा उचलून डोकावले. "चिकटपट्टी आहे गं, काही दिसत नाही. हात लावू नकोस!" पण त्यांना वाटीगणिक नावे दिसत होती आणि सगळी नावे राळच होती. रिफायनरीतून परतलेल्या अनिशला त्यांनी विचारले, "खांबाशिवाय मी काय करीन?"

अनिशने कामावरचा डबा ओट्यावर ठेवला. "माझ्यावर ओरडशील," तो म्हणाला. "पण त्यापेक्षा खांब बरा."

दोन दिवसांनी डॉ. कांचनबेननी पट्ट्या काढल्या. त्यांनी पेनाने खुणा केल्या, एक ठिकाण जवळून पाहिले, बोटाने चाचपले आणि पुसटसे "हं" म्हणाल्या. योगिनीताईंनी डोळे मिटले.

"एक उठलंय. छान उठलंय."

"राळ?"

"निकेल. खोटे दागिने घालता?"

"हळदीकुंकवाला... इमिटेशनचं कानातलं."

"ते बंद. राळ: दोन्ही वाट्या कोऱ्या. संचातलीपण आणि तुमच्या पुडीचीपण. पण नाचू नका. काही प्रतिक्रिया उशिरा उठतात. पुन्हा एकदा पाहायचं, मग बोलू."

त्या मधल्या दिवसांत योगिनीताईंनी काय खाल्ले, कुणाला काय उत्तरे दिली, त्यांना पुढे आठवेना. दुसऱ्या पाहणीच्या सकाळी त्या क्लिनिकचे शटर उघडण्यापूर्वीच पायरीवर बसलेल्या होत्या. डॉक्टरांनी दिवा पाठीजवळ आणला. निकेलची जागा लालबुंद होती. राळेच्या दोन्ही खुणांमध्ये कातडी बाकीच्या पाठीसारखीच होती, सपाट आणि निर्विकार.

"निर्दोष," डॉ. कांचनबेन म्हणाल्या. मग भिंग घेऊन त्या पुन्हा चेहऱ्याकडे वळल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. "आता नीट ऐका. राळ नाही, एवढं या पाठीने सांगितलं. रोझेशिया आहे, हे पाठ सांगत नाही. त्याची रक्ततपासणीही नसते. ते मी चेहरा पाहून आणि तुमची दोन वर्षांची हकिकत ऐकून म्हणते. बारीक रक्तवाहिन्या दिसतात, ऊन आणि गरम लागलं की पेटतं, पुटकुळ्या आहेत पण मुरुमांसारखे काळे ठिपके नाहीत. आता मी 'बहुधा' काढते. औषध बदलते. जेल एकट्याने भागणार नाही."

"आणि खांब?"

"खांब चालू. पण भर उन्हात उभं राहायचं नाही, उकळता चहा नाही, आणि ते तुमचं कढत तिखट सार? कुणी सांगितलं?"

"सासूबाईंनी. पित्तासाठी."

"त्यांना माझा नमस्कार सांगा आणि सार गार करून द्यायला सांगा. आणखी एक. उत्तेजित होऊ नका. चीड, आनंद, घाई, सगळ्याने रक्त चढतं."

परवा नडियाद होते.

"ते जमणार नाही," योगिनीताई म्हणाल्या.

"दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. कारण समोरचा चेहरा त्या क्षणी कानापर्यंत पेटला होता. "आणि ती मुलगी? तिचे गाल सरावानंतर किती वेळ लाल राहतात?"

"पाणी पिऊन होईपर्यंत."

"मग ते तारुण्य आहे. त्यावर माझ्याकडे औषध नाही. पुढे कुणाचं राहिलंच, खाजलं, तर घेऊन या, लपवू नका."

पेढ्यांचा पुडा त्या दिवशी कार्यालयात उघडला तेव्हा कुणालाच काही कळेना. "कशाचे?" "रोझेशियाचे." एकाने, हे कुठल्यातरी नातेवाइकाच्या मुलीचे नाव असावे अशा समजुतीने, अभिनंदन केले. वसुंधराताईंनी पेढा देवापुढे ठेवला, डॉक्टरीणबाईंचा निरोप ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "गार सार? त्याला सार म्हणत नाहीत." पण संध्याकाळी वाटी गार होती.

व्यायामशाळेत मुली ताटलीभोवती उभ्या होत्या. सानवी वैतागलेली होती. इतक्या दिवसांच्या शाब्दिक शिकवणीने तिचा सुईदोरा सुधारण्याऐवजी अडकला होता. डावा खांदा कडीतून निघतच नव्हता.

"ताई, तुम्ही सांगता ते कळतं, पण होत नाही."

"काय निघालं?" विश्वासरावांनी मागून विचारले.

"रोझेशिया, सर! पक्का!"

"म्हणजे पुन्हा तेच. लाल दिसतं."

"लाल दिसणारच. आयुष्यभर."

योगिनीताईंनी ओढणी कमरेला आवळली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत राळेत घातले. भुकटी उडाली, त्यांनी तोंड वळवले नाही. खांबाला मिठी मारली, उडी घेतली, आणि खांब त्यांना ओळखून वर घेऊ लागला. खाली मुलींची कुजबुज बंद झाली. सुईदोऱ्याच्या घडीत शिरताना गाल जळू लागले, कानांत रक्त वाजू लागले, आणि उलट्या जगात त्यांना सानवीचा वर केलेला, तितकाच लाल चेहरा दिसला.

"खांदा बघ," त्या लटकलेल्या अवस्थेतूनच ओरडल्या. "खांद्याने ढकलायचं नाही. आधी श्वास सोडायचा. सोडला? हां, आता बघ कसा निघतो!"